रात्री निवडा, सकाळी चिरा

धानाची रोवणी सुरू झाली की मोहाडी तालुक्यातील करडी आणि आसपासच्या गावांत घरच्या बाईचा दिवस पहाटे चारलाच उजाडतो. उजाडताच बांधीत उतरायचे असते. त्याआधी स्वयंपाक, डबे, जनावरे आणि मुलांची शाळा उरकायची असते. मग थोडा वेळ वाचावा म्हणून भाजी आदल्या रात्रीच चिरून ठेवली जाते. लग्नाच्या घरी हेच काम मोठ्या प्रमाणावर होते. रात्री बायका एकत्र बसून पोत्याने भाजी चिरतात आणि पंगत बसते दुसऱ्या दिवशी दुपारी. नागपूरसारख्या शहरात नोकरी करणारी जोडपी चिरलेल्या भाजीचे पाकीट विकत आणतात. प्रसंग वेगळे असले तरी प्रश्न एकच आहे : चिरलेली भाजी किती वेळ टिकते?

या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी 'टिकणे' या शब्दाचे दोन अर्थ वेगळे करायला हवेत. भाजी दिसायला, चवीला आणि पोषणाला चांगली राहणे हा एक अर्थ. ती खाऊन कोणी आजारी न पडणे हा दुसरा. आपण बहुतेक वेळा पहिल्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधतो, आणि घोटाळा तिथेच होतो.

चिरल्यावर भाजीत काय घडते?

तोडलेली भाजीही जिवंत असते. तिच्या पेशी श्वसन करत असतात. म्हणजे साठवलेली साखर जाळून त्या ऊर्जा, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतात. भाजी चिरणे म्हणजे तिला जखम करणे. जखम झाली की श्वसनाचा वेग वाढतो, भाजी स्वतःची शिदोरी भराभर संपवू लागते आणि लवकर म्हातारी होते. तापमान दहा अंशांनी वाढले की हा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. म्हणून जी भाजी जानेवारीच्या थंडीत दोन दिवस बरी राहते, ती मे महिन्यात दुपारपर्यंतच मान टाकते.

दुसरे म्हणजे साल निघून गेल्याने आतले पाणी उडून जाते. सालीचा उपयोग केवळ झाकणापुरता नसतो. पाणी आत राखणे आणि जंतूंना बाहेर ठेवणे ही दोन्ही कामे ती करते. तिसरा बदल डोळ्यांना दिसतो. वांगे किंवा बटाटा चिरला की थोड्याच वेळात तो काळपट होतो. एरवी पेशीत वेगवेगळ्या कप्प्यांत असलेले फिनॉल नावाचे पदार्थ आणि 'पॉलिफिनॉल ऑक्सिडेज' हे विकर कप्पे फुटल्यामुळे एकत्र येतात. त्यांना हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि तपकिरी रंग तयार होतो. फोडी पाण्यात ठेवल्या की ऑक्सिजन कमी मिळतो, लिंबू पिळले की आम्लामुळे विकराचे काम मंदावते. आजीला रसायनशास्त्र माहीत नव्हते, पण वांग्याच्या फोडी मिठाच्या पाण्यात टाकायच्या हे तिला पक्के ठाऊक होते.

चौथा बदल दिसत नाही. 'क' जीवनसत्त्व हवेच्या आणि उष्णतेच्या संपर्कात नष्ट होत जाते आणि ते पाण्यात सहज विरघळते. भाजी जितकी बारीक चिरू तितका तिचा उघडा पृष्ठभाग वाढतो आणि तितके नुकसान जास्त. म्हणूनच हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था भाज्या चिरण्यापूर्वी धुवाव्यात, चिरून पाण्यात भिजत ठेवू नयेत, असे सांगत आली आहे. आपल्याकडे अनेक घरांत पालक आणि मेथी आधी चिरून मग धुतात. त्या धुण्याच्या हिरव्या पाण्याबरोबर पोषणाचा काही भाग मोरीत जातो.

काळी भाजी आणि धोक्याची भाजी

काळी पडलेली वांग्याची फोड बहुधा फक्त कुरूप असते, आजारी पाडणारी नसते. उलट टवटवीत दिसणाऱ्या काकडीच्या चकत्यांवर जुलाबाचे लाखो जंतू असू शकतात. भाजी नासवणारे, तिला बुळबुळीत आणि वासट करणारे जंतू वेगळे आणि माणसाला आजारी करणारे वेगळे. इ. कोलायचे घातक प्रकार, साल्मोनेला आणि शिगेला यांच्यामुळे भाजीचा रंग, वास किंवा चव बदलेलच असे नाही. म्हणून 'वास घेऊन पाहिला, चांगला होता' हा पुरावा अपुरा आहे.

चिरलेला पृष्ठभाग या जंतूंना आयते ताट असते. तिथे ओलावा आहे, साखर आहे आणि सालीचा अडसर नाही. अनुकूल तापमानात इ. कोलाय दर वीस मिनिटांनी दुप्पट होऊ शकतो. एका जंतूपासून आठ तासांत चोवीस वेळा दुप्पट, म्हणजे एक कोटी सदुसष्ट लाखांहून अधिक. भाजीवर वाढ एवढ्या वेगाने होत नाही, हे खरे. पण तासाला एकदाच दुप्पट झाले असे धरले तरी आठ तासांत २५६ पट होते. पहाटे चारला शंभर जंतू असतील तर दुपारी बाराला पंचवीस हजारांवर.

टोमॅटो आंबट असतो, त्यात जंतू वाढत नाहीत, असा समज सर्रास आढळतो. टोमॅटोचा आंबटपणा लिंबाइतका नसतो. चिरलेल्या टोमॅटोत उबदार हवेत साल्मोनेला चांगला वाढतो. म्हणूनच अमेरिकेच्या अन्न संहितेत चिरलेला टोमॅटो, चिरलेली पालेभाजी आणि कापलेले खरबूज-कलिंगड हे दूध-मांसाप्रमाणेच थंड राखायचे पदार्थ मानले आहेत. त्यांच्यासाठी मर्यादा आहे पाच अंश सेल्सिअस.

श्रीमंत देशांत सगळे स्वच्छ असते, असेही समजू नये. सप्टेंबर २००६ मध्ये अमेरिकेत पाकीटबंद पालकातून इ. कोलाय ओ१५७ हा जंतू पसरला. सुमारे दोनशे माणसे आजारी पडली आणि काहींचा मृत्यू झाला. २०११ मध्ये जर्मनीत मोड आलेल्या मेथीतून इ. कोलायच्याच दुसऱ्या प्रकाराची साथ आली. साडेतीन हजारांहून अधिक लोक आजारी पडले, पन्नासहून अधिक दगावले आणि शेकडोंची मूत्रपिंडे बिघडली. दोन्ही ठिकाणी पदार्थ कच्चाच खाल्ला गेला होता आणि दिसायला ताजा होता.

पाण्यापासून सुरुवात

भाजीवर जंतू येतात ते प्रामुख्याने पाणी, माती आणि हात यांतून. आपला भाग वैनगंगेच्या खोऱ्याचा. भंडाऱ्याच्या खालच्या अंगाला तर नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला मिळते. पावसाळ्यात गावोगावच्या नाल्यांचे पाणी विहिरींत उतरते. बाजारात भाजी टवटवीत दिसावी म्हणून तिच्यावर सतत पाणी शिंपडले जाते. ते पाणी कुठले, हे कोणी विचारत नाही.

म्हणून धुणे महत्त्वाचे, आणि त्याचा क्रम त्याहून महत्त्वाचा. वाहत्या स्वच्छ पाण्याखाली अख्खी भाजी हाताने चोळून धुतली तर वरचे जंतू साधारण दहापट ते शंभरपट कमी होतात. शून्य होत नाहीत. चिरल्यानंतर मात्र जंतू कापलेल्या कडांत शिरून बसतात आणि तिथे पाणी काय, क्लोरीनही नीट पोहोचत नाही. आधी धुणे, मग पुसून कोरडे करणे आणि मग चिरणे, हा क्रम उलटता कामा नये.

टोमॅटोबाबत एक गोष्ट फारशी माहीत नसते. उन्हात तापलेले टोमॅटो एकदम गार पाण्यात बुडवले तर आतली हवा आकसते आणि देठाच्या खळग्यातून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. पाण्यात जंतू असतील तर तेही आत जातात. बाजारातून आणलेले टोमॅटो आधी सावलीत निवू द्यावेत आणि बुडवून ठेवण्यापेक्षा वाहत्या पाण्याखाली धुवावेत.

मिठाच्या पाण्याने फूलकोबीतल्या अळ्या बाहेर येतात, जंतू मात्र मरत नाहीत. साबण किंवा भांड्यांची पावडर भाजीला लावू नये. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानेही साबण आणि जंतुनाशके भाज्यांवर वापरू नका, असेच सांगितले होते. ग्रामपंचायतीच्या टाकीत टीसीएल पावडर रोज पडते का, याकडे लक्ष देणे हा घरच्या साऱ्या युक्त्यांपेक्षा मोठा उपाय आहे. नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवे. गावच्या पाणीस्रोतांच्या पाहणीनंतर ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. आपल्या गावाला कुठले मिळाले, हे ग्रामसभेत विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

विळी आणि हात

बोथट विळीने भाजी कापली जाण्याऐवजी चेंगरते. जास्त पेशी फुटतात, जास्त रस सुटतो, भाजी लवकर काळी पडते आणि लवकर नासते. धार असलेली विळी किंवा सुरी हा भाजी टिकवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

आपला जिल्हा तलावांचा. घरोघरी मासे खाल्ले जातात. ज्या विळीवर मासे किंवा कोंबडी कापली, तिच्यावरच पाण्याचा हात फिरवून काकडी चिरली तर मांसावरचे जंतू थेट कच्च्या भाजीवर येतात. मासे शिजणार असतात, काकडी शिजणार नसते. शक्य असेल तर दोन विळ्या ठेवाव्यात. एकच असेल तर कच्चे खायचे ते आधी चिरावे, मांस-मासे शेवटी, आणि नंतर साबण व गरम पाण्याने विळी घासावी. हातावर पिकलेली जखम किंवा गळू असलेल्याने, तसेच जुलाब लागलेल्याने भाजी चिरायला बसू नये. जखमेतला स्टॅफिलोकोकस हा जंतू अन्नात जे विष तयार करतो, ते उकळूनही नष्ट होत नाही. 'शिजवल्यावर सगळे मरते' हे म्हणूनच अर्धसत्य आहे.

गारवा : फ्रिज असो वा नसो

चिरलेली भाजी टिकवण्याचे जगभरातले सारे शास्त्र शेवटी एका शब्दावर येते : गारवा. मोठे उद्योग भाजी चिरतात तेच गार खोलीत. थंड क्लोरीनयुक्त पाण्यात धुतात, गरगर फिरवून कोरडी करतात आणि आत ऑक्सिजन कमी राहील अशा खास प्लास्टिकमध्ये बंद करून शून्य ते पाच अंशांवर ठेवतात. या साखळीतली एक कडी तुटली की बाकीच्या कड्यांचा उपयोग राहत नाही. दुकानातल्या फ्रिजबाहेर मांडलेले चिरलेल्या भाजीचे पाकीट स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. फुगलेले, आत पाणी साचलेले किंवा तारीख नसलेले पाकीटही नको.

घरच्या फ्रिजमध्ये चिरलेली भाजी झाकणाच्या कोरड्या डब्यात, तळाला स्वच्छ सुती कापड घालून ठेवावी. कापड जादा ओलावा शोषते आणि भाजी बुळबुळीत होत नाही. गाजर, कोबी, शेंगा दोन-तीन दिवस राहतात. पालेभाजी, टोमॅटो आणि काकडी मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत संपवावी. कच्चे मांस आणि दूध यांच्या खाली भाजीचा डबा ठेवू नये, वरून गळते. वीज गेली तर फ्रिज उघडू नका. बंद फ्रिज साधारण चार तास गारवा धरतो. आणि गारवा म्हणजे जंतूंचा मृत्यू नव्हे, त्यांची वाढ फक्त मंदावते. लिस्टेरिया नावाचा जंतू तर फ्रिजमध्येही हळूहळू वाढतो. तो गर्भवतीच्या बाळाला घातक ठरू शकतो. गर्भवतींनी फ्रिजमधली जुनी चिरलेली कोशिंबीर टाळलेली बरी.

ज्या घरी फ्रिज नाही, त्यांच्यासाठी नियम सोपा आहे : चिरलेली कच्ची भाजी बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त नको. भंडाऱ्यात मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो, तेव्हा 'चिरा आणि खा' एवढाच पर्याय उरतो.

अख्खी भाजी मात्र विजेशिवायही टिकवता येते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने १९८० च्या दशकात 'शून्य ऊर्जा शीतकक्ष' विकसित केला. विटांच्या दोन भिंती, मध्ये साडेसात सेंटिमीटरची पोकळी, तीत वाळू. सकाळ-संध्याकाळ वाळू भिजवायची आणि वर ओले झाकण ठेवायचे. पाणी उडताना उष्णता घेऊन जाते, हेच माठाचे तत्त्व. कडक उन्हाळ्यात आतले तापमान बाहेरच्यापेक्षा दहा ते पंधरा अंशांनी कमी राहू शकते आणि ओलावा नव्वद टक्क्यांच्या आसपास असतो. विदर्भाचा कोरडा उन्हाळा त्याला अगदी सोयीचा. पावसाळ्यात हवाच दमट असल्याने त्याचा फारसा उपयोग होत नाही. चिरलेल्या भाजीला लागणारा पाच अंशांचा गारवा त्यातून मिळत नाही, हेही लक्षात ठेवावे. तो अख्ख्या भाजीसाठीच आहे.

आपल्या पूर्वजांनी चिरलेली भाजी टिकवण्याचा वेगळा मार्ग शोधला होता. वांगी, गवारीच्या शेंगा चिरून कडक उन्हात वाळवायच्या. पाणीच काढून घेतले की जंतूंची वाढ थांबते. मीठ आणि तेलातले लोणचेही त्याच जातीचे. ओली चिरलेली भाजी टिकवण्याच्या फंदात ते पडले नाहीत, यात मोठे शहाणपण होते.

रोवणीच्या घरासाठी

पहाटे उठून बांधीत जाणाऱ्या बाईला 'ताजी भाजी चिरा' असा कोरडा उपदेश करणे सोपे आहे. तिचा वेळ खरोखर कुठे जातो, ते पाहिले तर मार्ग निघतो. बहुतेक वेळ निवडण्यात, सोलण्यात आणि धुण्यात जातो, चिरण्यात कमी. म्हणून एकच सूत्र लक्षात ठेवावे : रात्री निवडा, सकाळी चिरा. मेथी-पालकाच्या काड्या रात्री निवडून कोरड्या कापडात गुंडाळाव्यात. शेंगांच्या शिरा काढून ठेवाव्यात. लसूण सोलून ठेवावा. वांगी, भेंडी, टोमॅटो धुऊन, पुसून अख्खी टोपलीत ठेवावीत. सकाळी चिरायला दहा मिनिटे पुरतात. आणि ही दहा मिनिटे घरातल्या पुरुषांनी किंवा मोठ्या मुलांनी दिली तर भाजीचा दर्जा अजिबात घसरत नाही.

रात्री चिरल्यावाचून गत्यंतरच नसेल, तर शेंगा, कोबी, लाल कोहळे अशा घट्ट आणि पूर्ण शिजणाऱ्या भाज्याच चिराव्यात, मोठ्या फोडी ठेवाव्यात, झाकून गार जागी ठेवाव्यात आणि सकाळी चांगली उकळी येईपर्यंत शिजवाव्यात. कच्चे खायचे काहीही रात्री चिरू नये. बाजारात कापून ठेवलेली कोहळ्याची फाक किंवा सोललेला फणस घेतला तर कापलेला थर पातळ काढून टाकावा, धुवावे आणि त्याच दिवशी शिजवावे. पावसाळ्यात चिरून विकायला येणारे वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, यांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांत सायनाइड सोडणारे नैसर्गिक द्रव्य असते. भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकल्याशिवाय वास्ते खाऊ नयेत.

चिरलेला कांदा हवेतले जंतू ओढून घेतो आणि विषारी होतो, असा संदेश मोबाइलवर फिरत असतो. कांदा जंतू ओढून घेत नाही. इतर कुठल्याही चिरलेल्या भाजीला जे नियम, तेच त्याला.

पंगतीसाठी

लग्नाच्या जेवणानंतर एकाच गावचे वीस-पंचवीस जण उलट्या-जुलाबाने दाखल होतात, तेव्हा सगळ्यांचा संशय पनीरवर किंवा गोडावर जातो. कोशिंबिरीकडे कोणाचे लक्ष जात नाही. खरे तर पंगतीतला हा एकच पदार्थ बहुधा अजिबात शिजलेला नसतो, सर्वांत आधी चिरलेला असतो आणि सर्वांत जास्त वेळ मांडवात उघडा असतो. काकडी, टोमॅटो, कांदा पंगतीच्या तासभर आधीच चिरावा. एकदम मोठे पातेले न भरता थोडा थोडा करावा. मीठ आणि लिंबू वाढताना घालावे, आधी घातले तर पाणी सुटते. उरलेली कोशिंबीर संध्याकाळच्या पाहुण्यांसाठी ठेवू नये. एवढे जमणार नसेल तर उन्हाळ्यातल्या पंगतीत कोशिंबीर न ठेवणे उत्तम. यजमानाचा मान त्याने कमी होत नाही. शाळेच्या पोषण आहारात आणि अंगणवाडीतही भाजी त्याच सकाळी चिरली जाते का, हे पालकांनी अधूनमधून जाऊन पाहावे.

तरीही त्रास झालाच तर

जुलाब-उलट्या सुरू होताच ओआरएसचे एक पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवून थोडे थोडे पाजत राहावे. बाळाचे अंगावरचे दूध थांबवू नये. मुलांना चौदा दिवस झिंकच्या गोळ्या द्याव्यात, त्या आशाताईंकडे आणि आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या मुलांना स्वतःच्या मनाने देऊ नयेत. शौचातून रक्त पडणे, लघवी कमी होणे, डोळे खोल जाणे, गुंगी येणे, तोंडाने काहीच न टिकणे यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. एकाच जेवणानंतर अनेकांना त्रास झाला असेल तर उरलेले अन्न फेकून देऊ नये. ते झाकून ठेवावे आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना कळवावे. नेमके कारण त्यातूनच सापडते आणि पुढची पंगत वाचते.

हे सगळे वाचून भाजी कमी खाण्याचा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. जागतिक आरोग्य संघटना रोज किमान चारशे ग्रॅम फळे-भाज्या खायला सांगते आणि आपल्यापैकी अनेकांच्या ताटात त्याच्या निम्म्याही नसतात. भाजी भरपूर खावी. फक्त तिला विळी लागली की घड्याळ सुरू झाले, एवढे ध्यानात ठेवावे.